पळी की रायफल? टीएमधला ट्रेड आणि एम्बॉडीचा हुकूम

वाचकाचं पत्र

सुभेदार काका, सप्रेम नमस्कार. मी कराड तालुक्यातला. वय २६. दहावीला ५८ टक्के, बारावी आर्ट्सला ५२. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. रेग्युलर आर्मीच्या भरतीला मी तीनदा गेलो. दोनदा धावण्यात मागे पडलो, एकदा मेरिटमध्ये राहिलो, आणि मग वय निघून गेलं. सहा वर्षांपासून आचारी आहे. लग्न, वास्तुशांत, जत्रा, सगळ्या पंगती करतो. हाताखाली चार माणसं आहेत.

आता टीएच्या, म्हणजे प्रादेशिक सेनेच्या, भरती रॅलीत उतरायचं ठरवलंय. जाहिरातीत सोल्जर जीडी (जनरल ड्युटी, रायफलवाला) आहे, तसं शेफही आहे. मित्र म्हणतात, शेफची ट्रेड टेस्ट तू झोपेतसुद्धा पास होशील. पण ओळखीतला एक जण म्हणाला, "कुकला बॉर्डरवर कोण नेतंय? सेवेत बोलावून एम्बॉडी करतात ते जीडीवाल्यांना, तू घरीच बसशील." वडील तर म्हणतात, "पळीच हलवायची तर गावात हलव की, त्यासाठी वर्दी कशाला?" काका, मला काश्मीरला जायचंय. खरं सांगा, कोणत्या ट्रेडमध्ये जास्त संधी आहे? घरी बायको आहे, दीड वर्षाची मुलगी आहे. बायकोला अजून काही बोललो नाही.

उत्तर

पत्र दोनदा वाचलं. तुझ्या शेवटच्या ओळीकडे मी नंतर येतो, पण येणार आहे हे आधीच सांगून ठेवतो.

"एम्बॉडी फक्त जीडीवाले होतात" असं ज्यानं सांगितलं, त्यानं तुला अर्धवट सांगितलं. कंपनीचा हुकूम निघाला की ती अख्खी हलते. रायफलवाले हलतात, तसा लंगरही, म्हणजे कंपनीचं स्वयंपाकघरही, हलतो. शंभर माणसं डोंगरावर नेऊन ठेवायची आणि त्यांच्या पोटाचं काय ते बघायचं नाही, असं कुठल्या फौजेत होतं? माझ्या पहिल्या काश्मीर फेरीत आमच्या कंपनीच्या आधी चौघे जण पुढे गेले होते, जागा ताब्यात घ्यायला. त्या चौघांत एक जण कुक होता.

कुपवाड्याच्या वरच्या अंगाला आमची पोस्ट होती. जानेवारीत रात्री जरीकेनमधलं पाणी गोठायचं. आमचा कुक साडेतीनला उठायचा, जरीकेन स्टोव्हजवळ आणून ठेवायचा आणि पाणी सुटेपर्यंत कणीक मळायला घ्यायचा. पहाटे स्टँड-टू असतो, सगळे आपापल्या मोर्चावर. तो संपून आम्ही खाली यायचो तेव्हा मगात चहा तयार असायचा. तुला आचारी म्हणून एक गोष्ट सांगतो, ती तुला पटकन कळेल. ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ उकळत राहते, पण शिजत नाही. प्रेशर कुकर नसेल तर राजमा दुपारपर्यंत दगड राहतो. रात्री भिजत घालायला विसरलास, तर दुसऱ्या दिवशी अख्खी पोस्ट अर्धपोटी गस्तीला जाणार. हा माणूस दोन वर्षांत एकदाही विसरला नाही. आणि रात्रीची पहाऱ्याची ड्युटी त्यालाही होती, रायफल त्याच्याही नावावर होती. लंगरात आहे म्हणून कुणी त्याला वेगळं धरलं नाही.

तेव्हा शेफ झालास तर काश्मीर बंद, असं अजिबात नाही. पण ट्रेडनं काहीच फरक पडत नाही असंही मी म्हणणार नाही. फरक पडतो, आणि तो नेमका कुठं पडतो ते समजून घे.

टीए म्हणजे प्रादेशिक सेना. १९४८ चा कायदा, ९ ऑक्टोबर १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजाजींनी उद्घाटन केलं. कल्पना अशी की माणसानं आपला कामधंदा सांभाळावा, वर्षातून ठरावीक दिवस वर्दी घालून सराव करावा, आणि देशाला गरज पडली की बोलावल्यावर यावं. बोलावून सेवेत घेतात त्याला आपण एम्बॉडी म्हणतो आणि परत घरी पाठवतात त्याला डिसएम्बॉडी. एम्बॉडी असताना पगार, भत्ते, कॅन्टीन, दवाखाना, सगळं रेग्युलर जवानासारखं. डिसएम्बॉडी झालास की तू आणि तुझी कढई. तुझ्या पत्रातला "संधी" हा शब्द म्हणजे हा एम्बॉडीचा हुकूम. तो तुझ्या ट्रेडकडे बघून निघत नाही, पलटणीची गरज बघून निघतो. दिल्लीत ठरतं की अमुक पलटणीच्या इतक्या कंपन्या हव्यात, आणि मग खाली युनिटमध्ये ठरतं की त्या कंपन्यांत कोण कोण जाणार.

हे ताज्या उदाहरणावरून बघ. मे २०२५ मध्ये, सीमेवर तणाव होता त्याच दिवसांत, संरक्षण मंत्रालयाचा आदेश निघाला. टीए नियम १९४८ मधल्या ३३ व्या नियमाखाली लष्करप्रमुखांना टीएतल्या कुणालाही बोलावण्याचे अधिकार दिले. आपल्याकडे मोबाइलवर लगेच फिरायला लागलं की आता सगळी टीए लढाईवर निघाली. आदेश नीट वाचला तर त्यात काय होतं? टीएच्या ३२ इन्फंट्री पलटणींपैकी १४ एम्बॉडी करायच्या, वेगवेगळ्या कमांडमध्ये, अंदमान-निकोबारसुद्धा त्यात आलं. मुदत फेब्रुवारी २०२८ पर्यंत. आणि वर एक अट, की बजेटमध्ये पैसा असेल तरच. दुसऱ्या कुठल्या मंत्रालयानं टीए मागवली तर खर्च त्या मंत्रालयाच्या खात्यावर. म्हणजे ३२ मधल्या १८ पलटणी त्या आदेशात नव्हत्याच. त्या अठरांमधल्या जीडीवाल्यानं छाती कितीही फुगवली असती तरी त्या हुकुमानं तो गेला नसता, आणि चौदांमधला कुक मात्र गेला असता. तू कोणत्या पलटणीत आहेस आणि तिची पाळी कधी आहे, हे ट्रेडपेक्षा आधी येतं.

आता ट्रेड कुठं आडवा येतो ते. जागांच्या संख्येत.

रॅलीची कुठलीही जाहिरात काढून बघ. जीडीच्या जागा शेकड्यांनी असतात. शेफ, न्हावी, शिंपी, धोबी, हाउसकीपर यांच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. पलटणीतही तेच गणित. जीडीचा दरवाजा रुंद, पण त्यातून जाणारेही खूप. ट्रेड्समनचा दरवाजा एका माणसाचा. तो माणूस तूच असलास तर कंपनी निघाली की तू निघालास, तुझ्याशिवाय चालत नाही. पण त्या दारात तुझ्या पुढं कुणी उभा असेल तर जीडीवाले बॅचमेट दोनदा जाऊन आले तरी तू गावात राहशील.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्यासोबत भरती झालेला एक शिंपी होता, चांगला कारागीर. आमच्या दोन कंपन्या एम्बॉडी झाल्या तेव्हा दोन कंपन्यांना मिळून शिंपी एकच घेतला, आणि तो सीनियर होता. हा घरी. सव्वादोन वर्षं तो दर महिन्याला मला फोन करायचा, "सुभेदार साहेब, जागा झाली का?" मी तेव्हा नायब सुभेदार होतो, पण तो आपला पहिल्यापासून सुभेदारच म्हणायचा. त्याच काळात आमचा न्हावी मात्र सलग दोन्ही वेळा आला, कारण न्हावी दोनच होते आणि दोघंही लागत होते. दोघंही ट्रेड्समन, पण नशीब दोन तऱ्हेचं, आणि त्याचं कारण रोस्टरवरची एक ओळ. मनाला लागतं, पण ते तसंच आहे.

शेफचं त्यातल्या त्यात बरं. शिंप्यावाचून कंपनी महिनाभर निभावेल, कुकवाचून दुपार निभत नाही. कंपन्या पांगल्या, दोन-तीन पोस्ट झाल्या, की प्रत्येक पोस्टला शिजवणारं कुणीतरी लागतंच. अशा वेळी जीडीच्या पोरांनाही लंगरात आळीपाळीनं लावतात, आणि चपातीचा नकाशा करणाऱ्या पोरांपेक्षा खरा आचारी मिळाला तर कंपनी कमांडर त्याला सोडत नाही. ट्रेड्समनमध्येच जायचं असेल तर शेफ हा ट्रेड एम्बॉडीच्या दृष्टीनं सगळ्यात भरवशाचा, असं माझं मत आहे. बाकीच्यांबद्दल मी तुला एवढ्या ठामपणे सांगितलं नसतं.

क्लार्कचा विचार तू केला नाहीस ते बरं. त्याला बारावीला एकूण ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५० लागतात, तुझे ५२ आहेत. तो रस्ता बंद. जीडीला दहावी ४५ टक्के, विषयाला ३३. तिथं तू बसतोस. शेफलाही बसतोस. तरी फॉर्म भरायच्या आधी त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाच, कुणाच्या स्टेटसवर विसंबू नकोस.

इथं थोडं विषयांतर करतो, कारण पुष्कळ पोरं मला विचारतात की टीएत "स्किल"ला किंमत आहे का. टीएच्या काही शाखा तर नुसत्या कौशल्यावरच उभ्या आहेत. रेल्वेची टीए घे. लढाईत गाड्या थांबू नयेत म्हणून रेल्वेतलेच कर्मचारी वर्दीत आणले. १९६५ आणि १९७१ ला त्यांनी काम केलं. तिथं तुला नि मला प्रवेश नाही, आधी रेल्वेत नोकरी पाहिजे. आणि त्यातही गरज सरली की युनिट जातं. अशा सहा रेजिमेंट होत्या, २०२१ मध्ये पाच बंद करायचं ठरलं आणि बिहारमधली जमालपूरची तेवढी ठेवली. तेल कंपन्यांच्या माणसांची टीए वेगळी. पर्यावरणाच्या पलटणी वेगळ्या. पहिली १९८२ मध्ये मसुरीच्या उघड्या पडलेल्या डोंगरांसाठी उभी केली, आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला १३६ इको आहे. त्यांत मुख्यतः माजी सैनिक घेतात. झाडं जगवायला माणसं बारा महिने लागतात, त्यामुळं तिथली सेवा अशी दोन वर्षं चालू, दोन वर्षं बंद नसते. आणि २०२३ मध्ये टीएनं चिनी भाषा जाणणारे पाच जण अधिकारी म्हणून घेतले, चीनच्या सीमेवर दुभाषाचं काम करायला. विचार कर, त्यांचा ट्रेड म्हणजेच त्यांची पोस्टिंग. मँडरिन येणाऱ्याला राजस्थानात नेऊन बसवणार नाहीत.

पण तू जाणार आहेस इन्फंट्रीच्या टीएत. आपल्या भागातून बहुधा कोल्हापूरची १०९ किंवा पुण्याची १०१, दोन्ही मराठा लाइट इन्फंट्रीच्या. नागपूरला सीताबर्डीच्या किल्ल्यात ११८ आहे, ती ग्रेनेडियर्सची, आणि देवळालीला ११६ पॅराची. इन्फंट्रीच्या टीएत सगळ्यांचा पाया एक, कवायत आणि हत्यार. धोनी २०१९ च्या ऑगस्टमध्ये काश्मिरात गेला होता, ते आठवतं? मानद लेफ्टनंट कर्नल, १०६ पॅराचा, तीही टीएच. त्याच्या वाट्याला काय काम आलं? गस्त, पहारा, पोस्ट ड्युटी. एवढ्या मोठ्या माणसालाही पलटणीत तेच, जे बाकीच्या जवानांना.

आणि "मला काश्मीरला जायचंय" हे तू लिहिलंस, ते मी समजतो. तुझ्या वयाचा असताना मीही तेच म्हणायचो. पण टीएची गरज पडते ती फक्त नियंत्रण रेषेवर नाही. ३० जून २०२२ ची गोष्ट. मणिपूरमध्ये नोनी जिल्ह्यात तुपुलला नव्या रेल्वे स्टेशनचं काम चालू होतं, जिरीबाम ते इंफाळ लाइन. तिच्या रक्षणाला टीएच्या १०७ पलटणीचा कॅम्प होता, गोरखा जवान. रात्री डोंगर कोसळला आणि कॅम्प त्याखाली गेला. टीएचे दोन डझनांहून जास्त जवान गेले. शत्रू नाही, गोळी नाही. रेल्वेच्या रुळांचं रक्षण करताना ते गेले. ती बातमी आली तेव्हा मी घरी डिसएम्बॉडी बसलो होतो. दिवसभर जेवण गेलं नाही. तुला हे घाबरवायला सांगत नाही. तुझ्या डोक्यात "पोस्टिंग" या शब्दाचं जे चित्र आहे ते थोडं मोठं कर, म्हणून सांगतोय. उद्या तुला हुकूम येईल तो कदाचित पुलाच्या पहाऱ्याचा असेल, किंवा दारूगोळ्याच्या डेपोचा. त्या कामाला निघताना तुझं तोंड वाकडं होणार असेल तर आताच ठरव.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नावर माझं उत्तर. धावणं बघून ठरव.

रागावू नकोस. तूच लिहिलंस की दोनदा धावण्यात मागे पडलास. टीएच्या रॅलीत १.६ किलोमीटर असतं. साडेपाच मिनिटांच्या आत आलास तर पहिला गट, पूर्ण मार्क. त्यानंतर मार्क कमी, आणि फार मागे राहिलास तर घरचा रस्ता. शेफलाही धावायचं आहेच, त्यातून सुटका नाही. पण जीडीत तुझ्यासोबत जी हजारो पोरं असतील त्यांतली निम्मी अकादमीत वर्ष-दोन वर्षं घासलेली असतात. २०२४ च्या नोव्हेंबरात कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या मैदानावर रॅली झाली तेव्हा परराज्यांतून पोरं आली, रस्त्यावर, फुटपाथवर झोपली. त्या गर्दीत तुझ्या हातात वेगळं असं काय असणार? सहा वर्षं दोन-दोन हजार माणसांच्या पंगती उठवलेला माणूस शेफच्या ट्रेड टेस्टला उभा राहिला तर परीक्षक पहिल्या फोडणीलाच ओळखतो. ते कुणी अकादमीत शिकवत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. आजपासून सहा आठवडे पळ. दर रविवारी घड्याळ लावून १.६ किलोमीटर काढ आणि वहीत लिही. सातत्यानं पाच मिनिटं पंधरा सेकंदांच्या आत येत असशील तर जीडीला जा, कारण तुझं मन तिकडं आहे आणि मन असलेला जीडी चांगला होतो. साडेपाचच्या आसपास घुटमळत असशील तर शेफला उतर, आणि कमीपणा न मानता उतर. बाहेर राहून जीडीचं स्वप्न बघण्यापेक्षा आत जाऊन लंगर चालवणं हजारपट बरं. आत गेल्यावर हातातली कामं लपत नाहीत. आमच्याकडे एक जीडीचा पोरगा गावाकडं जनरेटर, मोटारी दुरुस्त करायचा. पोस्टवरचा जनरेटर रात्री बंद पडला, पोरानं तासाभरात चालू केला. पुढच्या वेळी कंपनीची यादी होताना साहेबांनी त्याचं नाव पहिल्या दहात स्वतः घातलं. त्याच्या कागदावर कुठंही मेकॅनिक लिहिलेलं नव्हतं. तुझ्याकडे जड वाहनाचं लायसन्स आहे का? नसेल तर काढ. रेडिओ, कॉम्प्युटर, जखम बांधणं, जे शिकता येईल ते शीक आणि युनिटमध्ये पहिल्या कॅम्पलाच सांग. यादी करणारा ट्रेड बघतो, सीनियॉरिटी बघतो, मेडिकल कॅटेगरी बघतो, ट्रेनिंगची हजेरी बघतो, आणि मग "हा पोरगा उपयोगाचा आहे" हेही बघतो. वार्षिक ट्रेनिंगला दांडी मारणारा आधी गळतो. लग्नाची ऑर्डर होती म्हणून कॅम्प चुकवलास, तर नंतर ट्रेडला दोष देऊ नकोस.

निवड झाली, युनिटमध्ये पाऊल ठेवलंस, की सीनियर जेसीओला (सुभेदार दर्जाच्या अधिकाऱ्याला) आदबीनं दोन प्रश्न विचार: या ट्रेडची मंजूर पदं किती आणि सध्या भरलेली किती, आणि मागच्या वेळी कंपन्या एम्बॉडी झाल्या तेव्हा या ट्रेडचे किती गेले. पाच मिनिटांत तुला तुझी जागा कळेल. "नंतर ट्रेड बदलून घेऊ" असा हिशेब करून मात्र आत जाऊ नकोस. मिळाला तर मिळाला. जो ट्रेड सही करून घेशील तोच पुढं तुझा आहे असं धरून चाल.

आता पैशाचं. हे बोलायला कुणाला आवडत नाही, पण मी डिसएम्बॉडी झालेली घरं बघितली आहेत. टीए ही नोकरी नाही. जाहिरातीतच लिहिलेलं असतं की पूर्ण वेळ सेवेची किंवा पेन्शनची हमी नाही, आणि पोरं नेमकं तेवढंच वाचत नाहीत. जवानाला पेन्शन मिळते ती एम्बॉडी सेवा पंधरा वर्षं भरली तर. घरी बसलेली वर्षं त्यात धरत नाहीत. तीन वर्षं आत, तीन वर्षं बाहेर असं चाललं तर पंधरा भरायला सत्तावीस जातील. जीडी असलास तरी तेच, शेफ असलास तरी तेच. पेन्शन मिळाली तर देवाची कृपा म्हण, पण तिच्यावर मुलीच्या शिक्षणाचा हिशेब मांडू नकोस.

नोकरदार माणूस टीएत असेल तर एम्बॉडीवरून परतल्यावर मालकानं त्याला कामावर परत घ्यायचं अशी कायद्यात तरतूद आहे, ७-अ कलम. तुझा मालक तूच. तुला परत कामावर कोण घेणार? फाल्गुनात वीस लग्नांचे इसार घेऊन बसलायस आणि चैत्रात हुकूम आला, तर ते वीस यजमान कायदा वाचणार नाहीत, तुझ्या दारात येतील. म्हणून आत्तापासून हाताखालच्या चौघांपैकी एकाला तयार कर. बाजार आणणं, माणसं ठरवणं, मसाल्याचं प्रमाण, पैशाचा व्यवहार, सगळं. इसाराच्या पावतीवर लिही की मुख्य आचारी लष्करी सेवेत गेल्यास त्याचा सहकारी काम पूर्ण करेल. लोक मान देतात याला, मी अनुभवानं सांगतो. आणि भांडी विकू नकोस. पहिल्या एम्बॉडीच्या पगाराच्या तोऱ्यात आमच्या एकानं पिठाची चक्की विकली होती. अडीच वर्षांनी परत आला तो दुसऱ्याच्या चक्कीवर कामाला.

एक कडक सूचना. रॅलीच्या काळात "आत ओळख आहे, ट्रेड्समनची सीट फिक्स करून देतो" म्हणणारे फिरतात. ट्रेड्समनच्या जागा थोड्या असतात, म्हणून त्यांचं जाळं तिथंच जास्त पडतं. एक रुपया देऊ नकोस. वडिलांच्या ओळखीचा असला तरी नाही.

वडिलांचं आलंच आहे तर. त्यांच्याशी वाद घालू नकोस. हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस आहे, त्यांना लंगर म्हणजे काय ते तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते बोलले ते रागानं नाही. पोराला आपल्यासारखी रायफल मिळावी असं कुठल्याही फौजी बापाला वाटतं. एखाद्या संध्याकाळी ते निवांत बसले असताना सहज विचार, "दादा, तुमच्या कंपनीत स्वयंपाकाला कोण होतं?" मी पैज लावून सांगतो, नाव सांगतील, गाव सांगतील, आणि त्यानं कुठल्या पोस्टवर काय करून खायला घातलं होतं तेही सांगतील. मला माझ्या पहिल्या तीन कंपनी कमांडरांपैकी एकाचं नाव आज आठवावं लागतं. कुकचं नाव आठवावं लागत नाही.

आणि आता ती शेवटची ओळ. बायकोला अजून बोलला नाहीस. मला सांगायच्या आधी तिला सांगायला हवं होतंस. वडिलांना सांगितलंस, मित्रांना सांगितलंस, पेपरातल्या म्हाताऱ्याला पत्र लिहिलंस, आणि ज्या बाईला दोन वर्षं एकटीनं लेकरू, सासू-सासरे आणि तुझा पंगतीचा धंदा सांभाळायचाय तिला माहीतच नाही? एम्बॉडीचा हुकूम आला की फार वेळ मिळत नाही. ट्रंक भरायची आणि निघायचं. त्या वेळी घरातल्या बाईला पहिल्यांदा कळलं तर तिच्या मनात जी अढी बसते ती सुट्टीला आल्यावरही निघत नाही. हे मी कुणा दुसऱ्याचं सांगत नाही. आमच्या घरी हे झालंय. पहिल्या वेळी मी हुकूम हातात आल्यावर सांगितलं. सौ. रडली नाही, भांडली नाही, चार दिवस गप्प राहिली. मी स्टेशनवर निघालो तेव्हा तिनं भाकरीचं गाठोडं दिलं आणि एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी आधी सांगा." पुढच्या प्रत्येक वेळी आधी सांगितलं.

तर आज रात्री तिच्याशी बोल. जाहिरात तिच्यासमोर ठेव, पगाराचे दिवस किती आणि बिनपगाराचे किती ते सांग, धंद्याच्या हिशेबाची वही तिच्या हातात दे. ती नाही म्हणाली तर का म्हणते ते पूर्ण ऐक. कदाचित तिच्याकडे असा प्रश्न असेल जो तुझ्या नि माझ्या डोक्यात आला नाही. वयाची घाई तुला नाही, टीएला ४२ पर्यंत चालतं. या रॅलीला जमलं नाही तर पुढची येईल.

दाखले गोळा करायला लाग. डोमिसाईल, जातीचा असेल तर तो, सरपंचांचा चारित्र्याचा दाखला, मार्कलिस्टच्या मूळ प्रती. वडिलांचं डिस्चार्ज बुकही सोबत ठेव. त्याचा तिथं उपयोग होईल की नाही ते जाहिरात सांगेल, पण पिशवीत असू दे.

सहा रविवार झाले की मला वहीतल्या वेळा लिहून पाठव, सगळ्या. फक्त चांगल्या तेवढ्या नकोत. मग आपण जीडी की शेफ ते पक्कं करू.

तुझा,
सुभेदार काका